शेंदराखालचा मारुती

तमाम वाचकांस, आणि विशेषतः ज्यांच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एखादी 'सुंदर जुनी मूर्ती' उभी आहे अशा वाचकांस, या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गोव्यात हॉटेलं असणाऱ्या श्रीमती देवयानीराजे या नावाची कोणतीही बाई अस्तित्वात नाही. ती गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जन्मली, एकदाच मोटारीतून उतरली, आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी निवर्तली. तिची पैठणी, मोती आणि काळा चष्मा माझ्या दुकानाचे होते. माज मात्र माझा स्वतःचा.

मी सांगलीची. नाटकांचे कपडे भाड्याने देण्याचं दुकान चालवते. शिवाजीमहाराजांपासून हवालदारापर्यंत कुणालाही मी दहा मिनिटांत उभं करते, पण पोलिसांच्या खऱ्या भानगडीत मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं ते मंदानं. मंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. यवतमाळात इतिहास शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी खेडोपाडी हिंडून जुन्या देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढते.

"चार-पाच दिवस ये," ती फोनवर म्हणाली. "कपडे भारीतले आण."

"लग्न आहे कुणाचं?"

"चोरी आहे."

सांगली ते यवतमाळ हा प्रवास मी एका वाक्यात आटोपते: मी बसले, झोपले, उठले, आणि अजून पोचले नव्हते.

यवतमाळ

मंदाच्या घरी ताटात तुरीच्या सोल्यांची भाजी होती. आमच्याकडे थंडीत हुरड्याचं कौतुक, इकडे तुरीचं. ओल्या शेंगा सोलून काढलेले हिरवे दाणे, जरासे भरडून, लसणीच्या फोडणीत. मी तिसऱ्यांदा वाढून घेत होते तेवढ्यात मंदानं माझ्या ताटाशेजारी फोन ठेवला.

काळ्या दगडातली एक मूर्ती. चार हात, डोक्यावर उंच मुकुट, पायाशी दोन छोट्या आकृती. मला मूर्तीतलं काही कळत नाही, पण ती इतकी देखणी होती की मी घास खाली ठेवला.

"विष्णू," मंदा म्हणाली. "जुन्या वस्तूंच्या एका खासगी ग्रुपवर विकायला आलाय. आता याची काख बघ."

"मंदा, या वयात देवांच्या काखा बघायच्या?"

"बघ म्हणते ना."

मी फोटो मोठा केला. काखेत, वळीत, लाल रेघ होती. एका कानाच्या मागेही.

"शेंदूर," मंदा म्हणाली, आणि मग तिनं जे सांगितलं ते वाचकांनी नीट ऐकावं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्या खेड्यांत दगडाच्या देवाला शेंदूर-तेल लावतात. पिढ्यान् पिढ्या लावतात. थरावर थर चढतो, नाक जातं, बोटं जातात, हात पोटाला चिकटतात, आणि शेवटी एक गोल लाल देव उरतो. या कवचाला खोळ म्हणतात. कधीतरी ती आपोआप सुटून पडते. मग गाव म्हणतं, 'देवानं खोळ टाकली,' आणि ती वाजतगाजत नदीत सोडतं. आत बरेचदा भलताच देव निघतो. हे जसं मंदाला ठाऊक, तसं चोरांनाही ठाऊक. देव उचलायचा, खोळ सोलायची, आणि आतली मूर्ती विकायची. ओळखणार कोण? ज्या गावानं शंभर वर्षं पूजा केली त्यानं ती मूर्ती कधी पाहिलेलीच नसते.

"फुलसावंगीच्या पुढं एका गावात मारुती चोरीला गेलाय," मंदा म्हणाली. "त्यानंतर थोड्याच दिवसांत हा विष्णू बाजारात आला. मी ठाणेदारांना फोटो दिला. त्यांनी तो गावाला दाखवला. गाव म्हणालं, हा आमचा नाही."

"मग?"

"मग त्यांच्याजवळ एकच नाव उरलं. चल उद्या, भेटवते."

फुलसावंगीच्या पुढं

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी मला तिथे कुणी जेवायला बोलावणार नाही, आणि तिथलं जेवण गमावण्याइतकी मी सत्यवादी नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. भरलेल्या गाड्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळी त्यांचा कर वसूल करतात. प्रत्येक काट्याला पांढरा पुंजका. सांगलीकडे उसाच्या ट्रॉलीमागे पोरं धावतात, इथं बाभळीच पुरेशा आहेत. काळ्या रानाच्या कडेला एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला बंजाऱ्यांचा तांडा, आणि दोघांच्या मधे मारुतीचं देऊळ. देऊळ म्हणजे चार खांब, पत्रे आणि लोखंडी जाळीचं दार. आत रिकामा ओटा. ओट्यावर, नसलेल्या देवापुढं, कुणीतरी ताजं फूल ठेवलं होतं.

"मीच ठेवतो," मागून आवाज आला. "सवय हाय हाताले."

हा हिराभाऊ, कागदोपत्री हिरासिंग. तांड्यावरचा शेतकरी, पन्नाशीचा, हाडापेरानं मजबूत, पण खांदे असे पडलेले की जणू कुणी आतून सुतळी कापली आहे. जाळीच्या दाराची किल्ली त्याच्याकडे. दर शनिवारी मारुतीला शेंदूर लावायचा मान त्याच्या घराण्याचा. चोरी झाली त्या सकाळी मागच्या तुरीत पडलेले खोळीचे तुकडेही त्यालाच सापडले. ज्याला सापडतं त्यानंच टाकलं, असा जगाचा न्याय आहे.

"वरतून खोयीवरचे चांदीचे डोये तसेच होते," तो म्हणाला. "लोकं म्हनतेत, चोर असता तं चांदी सोडली असती काय? हा कोनाचा तरी खुनशीपना हाय. आन् माहं त्याच महिन्यात आप्पासंग जाळीच्या किल्लीवरून भांडन झालतं."

आप्पा म्हणजे गावातले जुने जाणते, देवळाच्या पंचांतले मोठे. ते लिंबाखाली बसले होते. मंदानं पुन्हा फोनमधला विष्णू पुढे केला. भोवती माणसं जमली.

"बाई, एकदा सांगतलं ना," आप्पा म्हणाले. "आमचा मारुती लाल हाय. हा काया कोन?"

"आन् याले चार हात कायले?" दुसऱ्यानं विचारलं. "आमच्यावाल्याले दोनच होते. एका हातात गदा."

"गदा याच्याही हातात आहे, बघा," मंदा म्हणाली.

"मिशा कुठी हायेत?" तिसरा म्हणाला. "आमच्या मारुतीले मिशा होत्या. मीच काढतो दरसाल, काजयानं."

यावर सगळे हसले. हिराभाऊ हसला नाही. त्याचं हसणं कुणी अपेक्षितही धरलं नव्हतं. तो माणसांच्या घोळक्याबाहेर, उन्हात उभा होता, आणि सावलीत ये म्हणायला कुणी तयार नव्हतं. त्याच्या बायकोला, कमलाबाईला, कापूस वेचायला बोलावणं बंद झालं होतं. ठाणेदारांनी सांगून ठेवलं होतं की सोमवारी कागदावर कुणाचं तरी नाव लिहावं लागेल.

"खोळ कुठे आहे?" मंदानं विचारलं.

लिंबाच्या बुडाशी, पांढऱ्या धोतराखाली, दोन तुकडे होते. एक डोक्या-खांद्यांचा, एक खालचा. आप्पांनी धोतर बाजूला केलं. लाल, गुळगुळीत, चांदीच्या डोळ्यांचा, मिशांचा अर्धा मारुती आकाशाकडे बघत होता. खरं सांगते, मी हात जोडले.

"हे शनवारी रोडगे झाले का पैनगंगेत सोडाचे हायेत," आप्पा म्हणाले. "फुटकी खोय गावात ठेवत नसतेत."

"आतून पाहिलीत का कुणी?"

सगळे तिच्याकडे असे बघू लागले, जणू तिनं आप्पांना शीर्षासन करायला सांगितलं.

"आतून?" आप्पा म्हणाले. "म्हंजे देव पालथा घालाचा? देवाले पालथं घालत असतेत काय बाई?"

म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. पंच आले, पोलीस आले, पंचनामा झाला, पण देवाला तोंडावर कोण पाडणार? मंदा मातीत गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले आणि त्या तुकड्याखालच्या फटीतून हळूच हात आत सरकवला. तिचा खांदा वाकडा झाला. बोटं आत चाचपडत होती. मी तिला कॉलेजपासून ओळखते. परीक्षेच्या निकालालाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"वर उचललेला हात," ती पुटपुटली. "त्यात चक्र. गळ्यात हार, मणी लागतायत बोटाला." ती आप्पांकडे वळली. "आप्पा, तुमच्या मारुतीला चार हात होते."

"नाई बा," आप्पा शांतपणे म्हणाले आणि धोतर परत पांघरलं.

गोदाम

आता देवयानीराजे.

मूर्ती कुठे आहे हे कळल्याशिवाय खोळीचा उपयोग नव्हता. मंदानं त्या ग्रुपवर निरोप धाडला होता, गोव्याच्या हॉटेलमालकीणबाईंना स्वागतकक्षासाठी 'काहीतरी खरं' हवं आहे. उत्तरात ढाणकीच्या रस्त्याकडचा एक पत्ता आला. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मागे, जुन्या लाकडी सामानाचं गोदाम.

मंदाला मी बॉबकटचा टोप घातला, जाड चष्मा दिला आणि तिची मिस लोबो केली. "एक शब्द बोलायचा नाही," मी बजावलं. "सेक्रेटरी फक्त मान हलवतात." मी पैठणी नेसले, चार पदरी मोती घातले आणि चेहऱ्यावर कंटाळा चढवला. श्रीमंतीचं सोंग दागिन्यांनी होत नाही, कंटाळ्यानं होतं.

मालक गुलाबशेठ. पांढरा झब्बा, अत्तर, दोन्ही हातांनी नमस्कार. "या मॅडम, गरिबाच्या दुकानात." आत दारं, खांब, समया, घडवंच्या, पाळण्याच्या साखळ्या, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या घरातून उपटून आणलेल्या. कोपऱ्यात एक बारकेला माणूस मांडी घालून बसला होता आणि जुन्या दाताच्या ब्रशनं पितळी गणपतीची सोंड घासत होता. त्याच्या अंगाला घासलेटाचा वास होता. "हा दत्तू," शेठ म्हणाले. "आपला कारागीर. याच्या हाताखालून गेलेली वस्तू नवी नवरी होते." दत्तूनं मान वर केली नाही.

शेठनं टेबलावरच्या काचेच्या पेटीतून एक विष्णू काढला. काळा, चार हातांचा. मंदानं माझ्या पाठीत बोट टोचलं. म्हणजे नकली. सिमेंट आणि रंग.

मी वाकून बघायचं नाटक करत होते, आणि इथं माझ्या दुकानानं मला दगा दिला. समईच्या टोकाला मोत्यांचा सर अडकला. तट्! फरशीवर मोती सुटले. खरा मोती पडला की ठक् म्हणतो आणि थांबतो असं आमच्या आत्याबाई सांगायच्या. माझे टणटण उड्या मारत जिनिंगच्या भिंतीपर्यंत गेले. प्लॅस्टिकच ते. एक मोती शेठच्या चपलेशी जाऊन थांबला. त्यांनी तो उचलला. बोटांत फिरवला. मग दातांखाली धरला.

त्यांच्या डोळ्यांतलं अत्तर उडालं.

"मॅडम," ते सावकाश म्हणाले, "हे तर खोटे आहेत."

दत्तूचा ब्रश थांबला. मागे दार लोटल्याचा आवाज आला. मिस लोबो जोरजोरात मान हलवू लागल्या, जे अगदी चुकीचं होतं. आणि रंगभूमीच्या आशीर्वादानं तोंड आपोआप उघडलं.

"मग काय खरे घालून गोदामात फिरू?" मी कडाडले. "खरे लॉकरमध्ये असतात. बाहेर हे. तुम्ही तरी काय, खरी मूर्ती टेबलावर ठेवलीय? हे सिमेंट दाखवायला मला गोव्याहून बोलावलंत?"

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"वा!" ते म्हणाले. "वा मॅडम! आता बोलू आपण. दत्तू, आतलं दार उघड."

आतल्या खोलीत गोणपाटावर तो उभा होता. माझ्या कमरेएवढा. फोटोत सुंदर होता, समोर तर बोलती बंद. मी सवयीनं बोटातल्या अंगठीनं त्याच्या मुकुटावर टिचकी मारायला गेले.

"अंगठी नका लावू, बाई," दत्तू झटकन म्हणाला. तेवढंच.

कानामागे लाल रेघ होती. मी सहज विचारलं, "याला कधी शेंदूर होता का हो?"

"छे छे," शेठ म्हणाले. "जुन्या घराण्यातला आहे. दिवाणखान्यात होता. पावती आहे माझ्याकडे. काय रे दत्तू?"

"उघडाच आला, बाई," दत्तू म्हणाला. "शेंदराचा थेंब नव्हता."

शनिवारी संध्याकाळी गाडी भरणार होती. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. मी शनिवारी दुपारी पैसे घेऊन येते असं सांगितलं, आणि बाहेर पडेपर्यंत ताठ चालले.

ठाणेदारांनी सगळं ऐकून घेतलं. तरुण, थकलेला, सरळ माणूस.

"त्याच्याकडे पावती आहे," ते म्हणाले. "गाव म्हणतं मूर्ती आमची नाही. तुमच्याकडे काय आहे?"

"खोळ," मंदा म्हणाली.

"शेंदराचं टरफल?"

"आत ठसा आहे, साहेब. बोट न् बोट. मूर्तीवर ठेवली की बसेल."

त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. "शनिवारी दुपारी पंच घेऊन येतो," ते म्हणाले. "बसली, तर गुन्हा त्याच्यावर. नाही बसली, तर मॅडम, रिकाम्या हातानं परत यावं लागेल, आणि सोमवारी मला हिरासिंगचं नाव लिहावं लागेल. खोळ आणा."

शनिवार

आमच्या सांगलीकडे जत्रा म्हणजे मटण. इथं मारुतीपुढं रोडगे. कणकेचे मुठीएवढे गोळे, शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरलेले. सगळा स्वयंपाक पुरुषांचा. राखेतून काढून फडक्यात झटकतात, फोडतात, आत तूप ओततात, आणि बरोबर वांग्याची अशी भाजी की डोळ्यांतलं पाणी भक्तीचं की तिखटाचं हे देवालाच माहीत. रिकाम्या ओट्यापुढं पंगत बसली होती. गावातले, तांड्यावरचे, बौद्धवाड्यातलेही काही जण आले होते. हिराभाऊ आणि कमलाबाई पंगतीत नव्हते. जाळीपाशी उभे होते.

मी मोठं भाषण ठरवून आले होते. हातवाऱ्यांसकट. ते उभ्या उभ्या पडलं.

"खोय कुठी न्याची नाई," आप्पा म्हणाले. "रोडगे झाले. आता पैनगंगेत. नेम म्हंजे नेम. तिले गोदामात नेऊन काय तमाशा कराचा हाय?"

"आप्पा, एक तास फक्त," मंदा म्हणाली.

"बाई, तुमी शिकलेल्या. पन फुटकी खोय ठेवली का गावाले लागते. पोरंसोरं हायेत आमच्या घरी."

दोघं जण धोतराची झोळी करून खोळ उचलायला वाकलेसुद्धा. टाळ-मृदंग तयार होते. मंदानं माझा हात धरला, आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतली. पैनगंगा तिथून फार लांब नव्हती. एकदा पाण्यात गेली की संपलं.

"आप्पा, एक इचारू?"

कमलाबाई. जाळीपासून चार पावलं पुढे आली होती. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. पंगतीतले हात थांबले.

"इचार," आप्पा न बघता म्हणाले.

"खोय नदीत काहून सोडतेत?"

"काहून म्हंजे? देवानं टाकली का सोडतेत. सापानं कात टाकावी तशी. त्याच्या मर्जीनं."

"मंग हे देवानं टाकली काय?"

आप्पांनी धोतराच्या झोळीकडे पाहिलं.

"देवानं नाई टाकली," कमलाबाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "कोनंतरी ओरबाडली. थे टाकलेली खोय नोय, आप्पा, थे देवाच्या आंगावरचा कपडा हाय. देव जित्ता असून कुठीतरी उघडा उभा हाय, आन् तुमी त्याले न इचारता त्याचा कपडा पान्यात सोडून राह्यले. पयले त्याच्या आंगाले लावून पाहा. त्याचा नसन, तं सोडा. मंग माह्या घरधन्याले बी सोडा त्याच्यासंग, मी काई म्हननार नाई."

रोडग्याच्या राखेतून एक गोवरी चटकन फुटली. मृदंगवाल्यानं मृदंग खाली ठेवला. मिशा काढणारा आप्पांच्या कानाशी लागला. "आप्पा, बोलते थे काई खोटं नाई."

आप्पांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "गाडी काढा. पन हिऱ्यानं हात लावाचा नाई. सांगून ठेवतो."

खोळ ठेवायची कशात यावरून पुन्हा वाद. शेवटी बौद्धवाड्यातल्या एका म्हातारीनं घरातून वेचलेला कापूस आणला, गाठोडं सोडलं, आणि टेंपोत त्या पांढऱ्या गादीवर खोळ निजवली. तोंड वर. पालथी नाही. दर खड्ड्याला सगळा टेंपो एका आवाजात म्हणायचा, "हळू रे!" हिराभाऊ मागच्या फळीला टेकून उभा होता, हात पाठीशी बांधून, कुणी बेड्या घातल्यासारखे.

गोदामासमोर पोलिसांची जीप होती. शेठ दारात. मला पैठणीशिवाय, सुती साडीत पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, आणि मग लख्ख हसले. "अरे वा, मॅडम! हॉटेल विकलं वाटतं?" घाबरलेला माणूस असं हसत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. पावती ठाणेदारांच्या हातात होती.

मूर्ती अंगणात, उन्हात आणली. गावकरी तिच्याभोवती गोल उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. एकाच्याही चेहऱ्यावर ओळख नव्हती. आप्पा मान हलवू लागले. हिराभाऊनं त्या काळ्या देवाकडे डोळे फाडून पाहिलं. घराण्यानं पिढ्यान् पिढ्या ज्याला शेंदूर लावला, तो त्याच्यापुढं उभा होता आणि त्याला ओळखू येत नव्हता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते मिटून घेतले.

"लेखी घ्या, साहेब," शेठ म्हणाले. "हा माल कधी शेंदरात नव्हता. मी ती खोळ आज पहिल्यांदा बघतोय. दत्तूला विचारा, तोच साफसफाई करतो."

"मी बी आजच पाहून राह्यलो," दत्तू म्हणाला. एका हवालदारानं ते लिहून घेतलं. दोन्ही पंचांनी ऐकलं.

मग ठाणेदारांनी आणि हवालदारानं मिळून वरचा तुकडा उचलला. डोकं, खांदे, चांदीचे डोळे. समोरून सरळ मूर्तीच्या तोंडावर आणला. टेकवला. बसेना. मुकुटापाशी बोटभर फट. त्यांनी थोडा उजवीकडे दाबला, मग खाली. कुठेतरी आत अडत होतं. मंदा म्हणाली, "साहेब, थांबा," पण कसं बसवायचं हे तिलाही माहीत नव्हतं. फटीतून आतला काळा दगड दिसत होता.

"झालं?" शेठनं घड्याळ पाहिलं. "माझी गाडी भरायचीय."

"लहान हाय थे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "आपला नोय बा."

ठाणेदारांनी ओठ आवळले आणि तळहातानं जोर लावला. खोळीची कड कुरकुरली. लाल चुरा मूर्तीच्या खांद्यावरून घरंगळला, एक कपची सुटून मातीत पडली. कमलाबाईच्या तोंडून आवाज निघाला. आप्पा पुढे सरसावले. आणखी एकदा दाबलं असतं तर सगळा चेहराच तडकला असता, आणि त्याबरोबर पुरावा, हिराभाऊ, सगळंच. माझ्या शेजारी दत्तू उभा होता. त्याचे हात मघापासून हवेत हलत होते, दुसऱ्याला स्वयंपाक करताना बघणाऱ्या सुगरणीचे हलतात तसे. ठाणेदारांनी श्वास घेतला, दोन्ही पंजे खोळीवर टेकवले, आणि दत्तू जिवाच्या आकांतानं ओरडला,

"अवो सायेब, जोर नका लावू, फुटन ना थे! डाव्या खांद्याकून घाला, थे तिकूनच निघते!"